प्रिंटची मागची बाजू

मार्च १९९७ मध्ये मी पुण्यातल्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंगच्या मशीनवर होते. लग्नसराई चालू होती. दिवसाला चाळीस-पन्नास रोल यायचे आणि सगळ्यांत तेच: हळद, सप्तपदी, पंगत, पाठवणी. कार्यालयातल्या ट्यूबलाइटमुळे चेहरे हिरवट यायचे. ते माणसांत आणायचं काम माझं. मशीनला सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटीच्या कळा होत्या. स्क्रीनवर फ्रेम बघायची, मॅजेंटा दोन घरं वाढवायचा, कळ दाबायची, पुढची फ्रेम. आई-वडिलांच्या पिढीतले लोक फोटो घ्यायला आले की पहिलं शालूकडे बघत. "आमचा शालू मोरपंखी होता हो, हा निळा आलाय." मी सांगायचे, शालू घेऊन या. लोक खरंच घेऊन यायचे. शालू काउंटरवर पसरायचा, शेजारी प्रिंट ठेवायचं आणि रंग जुळेपर्यंत पुन्हा काढायचं.

त्याच महिन्यात एका कॉलेजच्या मुलाचा रोल आला. डेव्हलप करून टांगला तेव्हा मला वाटलं, रोल वाया गेलाय. नारिंगी पट्टी, तिच्यावर जेमतेम काही ठिपके. एक फ्रेम कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते तेच कळेना. मी अंदाजानं पट्ट्या कापल्या. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आणखी तिघांना घेऊन आला. रागावला नाही. त्यानं पट्टी लाइटबॉक्सवर ठेवली आणि बोट दाखवलं. "ताई, हा हेल-बॉप धूमकेतू आहे. तुमची कात्री त्याच्या शेपटीतून गेलीय." रात्र रात्र थंडीत उभं राहून त्यानं काढलेल्या सगळ्यांत चांगल्या फ्रेमचे माझ्या हातून दोन तुकडे झाले होते. ते मला आजही लागतं. नंतर मी आकाशाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले की रोल घातला की पहिला फोटो दिवसाउजेडी काढा, घराचा, झाडाचा, कशाचाही. म्हणजे कापणाऱ्याला माप मिळतं.

उरलेल्या फ्रेम्स मी स्वतः बसून प्रिंट केल्या. मशीन आपोआप रंग दुरुस्त करायचं. कुठल्याही फोटोतले सगळे रंग एकत्र केले की करडा यावा, असा त्याचा हिशेब. लग्नाच्या फोटोला तो चालतो, काळ्या आकाशाला नाही. पहिलं प्रिंट गढूळ तपकिरी आलं. डेन्सिटी वाढवली, आकाश काळं झालं. यलो कमी केला, तेव्हा दोन शेपट्या वेगळ्या दिसायला लागल्या. एक रुंद, वळलेली, पिवळसर पांढरी. दुसरी बारीक, सरळ आणि निळी.

मग काउंटरवरच वाद सुरू झाला. एक म्हणाला, निळा रंग मशीनचा आहे, डोळ्यांना तर दोन्ही पांढऱ्याच दिसल्या. दुसरा म्हणाला, डोळ्यांना कमी दिसतं, फिल्मला दिसलं. तिसरा म्हणाला, फिल्मला काय दिसलं ते या ताईंनी ठरवलंय. तिघांचंही बरोबर होतं. मी एकाच फ्रेमची तीन प्रिंटं काढून पुढे ठेवली आणि माझी नेहमीची युक्ती इथे चालणार नाही हे माझ्या लक्षात आलं. शालू आणता येतो. धूमकेतू काउंटरवर कोण आणून ठेवणार?

निळा खरा होता, हे पुढे शिकले. धूमकेतूतून सुटलेल्या कार्बन मोनॉक्साइडचे विद्युतभारित रेणू सूर्याच्या प्रकाशानं निळे चमकतात आणि सौरवाऱ्याबरोबर सरळ मागे ओढले जातात. पिवळसर शेपटी धुळीची, ती नुसता सूर्यप्रकाश परतवते. हे सांगणारा वर्णपट असतो, प्रिंट नव्हे. पण त्या अर्ध्या तासाच्या वादानं मला आकाश बघण्याच्या छंदात ओढलं. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची व्याख्यानं ऐकायला जाऊ लागले, दुर्बिणीला डोळा लावायला लागले. आणि मग हौशी लोकांचा हा वाद किती जुना आहे ते शोधत गेले, तर तो आपल्याच अंगणात सापडला.

२२ जानेवारी १८९८, शनिवार. पुण्या-मुंबईत प्लेग होता, प्लेग अधिकारी रँडच्या खुनाला सात महिने झाले होते. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, नागपूरकडून ईशान्येला निघून गेली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी जगभरातून लोक महाराष्ट्रात येऊन तंबू ठोकून बसले होते. करमाळ्याजवळ जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आला होता. तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं लावून सज्ज होते. पुलगावला इंग्रज तुकडी होती. आणि विजयदुर्गला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर.

विजयदुर्गाबद्दल इथे थांबायला हवं. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि लॉकयरनं १८६८ साली इथून हेलियमचा शोध लावला असं सांगतात. शाळांच्या सहली ते ऐकून परततात. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्येच होता. सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्यानं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. विजयदुर्गला तो आला तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणाला. ओटे आहेत, साहेब आला होता, ग्रहणही झालं होतं. साल तेवढं सरकलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आकाशाच्या चित्रांचंही असंच होतं. वस्तू राहते आणि तिच्यावरची चिठ्ठी सुटते. हेलियमची गोष्टही मुळात रंगाचीच आहे. वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९ नॅनोमीटरच्या आगेमागे असतात, ही तिसरी ५८७.६ ला. इतक्या जवळच्या दोन पिवळ्यांतला फरक मानायचा की नाही, यावर एका मूलद्रव्याचा शोध अवलंबून होता.

विजयदुर्गला लॉकयरबरोबर 'मेल्पोमीन' या युद्धनौकेवरचे खलाशी होते. त्यांना खगोलशास्त्र येत नव्हतं. पण लॉकयरनं त्यांच्या तुकड्या पाडून सराव करून घेतला. काहींनी करोनाचं, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभेचं, चित्र काढायचं. काहींच्या समोर एक चकती अशी बसवली की आतला झगझगीत भाग झाकला जाईल आणि बाहेरची फिकट प्रभा डोळ्यांत भरेल. काहींनी आकाशाकडे बघायचंच नाही, समुद्राचा आणि जमिनीचा रंग कसा बदलतो तेवढंच टिपायचं. कल्पना करा, आयुष्यात एकदा दिसणारं खग्रास ग्रहण डोक्यावर आहे आणि एक माणूस त्याच्याकडे पाठ करून डोंगराचा रंग लिहून घेतोय.

पण माझं मन गुंतलं ते तळणीला. धामणगाव आणि पुलगावच्या मधलं हे वऱ्हाडातलं छोटं स्टेशन. नागपूरच्या गाडीनं जाताना मी खिडकीशी बसून वाट बघत होते. गाडी थांबली नाही. पिवळी पाटी, एक कडुनिंब, मागे कापसाची शेतं, आणि गेलं. तिथे १८९८ ला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या लोकांनी तळ ठोकला होता. ही हौशी लोकांची संस्था, १८९० साली सुरू झालेली. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत बायकांना प्रवेश नव्हता, इथे होता. तळणीच्या तुकडीत खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर माँडर होता आणि त्याची बायको अ‍ॅनी.

अ‍ॅनी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेली. १८९१ पासून ग्रिनिच वेधशाळेत सूर्यावरचे डाग मोजायच्या कामावर होती. १८९५ ला तिचं लग्न झालं आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटली. म्हणजे तळणीला ती आली ती बिनपगारी, बिनपदाची, शब्दशः हौशी. तिच्याजवळ एक छोटा कॅमेरा होता, कॉलेजकडून मिळालेल्या मदतीतून घेतलेला. भिंग दीड इंचाचं. जेऊरच्या चाळीस फुटांपुढे हे म्हणजे खेळणं वाटेल.

फोटोग्राफी करणाऱ्याला यातली मेख कळेल. लांब कॅमेऱ्यात सूर्य मोठा दिसतो, आतल्या करोनाचे बारीक धागे दिसतात, पण उजेड मोठ्या जागेवर पसरतो. आखूड कॅमेऱ्यात चित्र लहान, पण उजेड एकवटलेला, त्यामुळे अगदी फिकट गोष्टही प्लेटवर उमटते, आणि आवाक्यात आकाशही भरपूर येतं. अ‍ॅनीला बाहेरची प्रभा हवी होती. तिच्या प्लेटवर करोनाचा एक किरण सूर्यापासून इतका लांब गेलेला उमटला की तोपर्यंत कोणाच्याही फोटोत तेवढा लांब किरण आला नव्हता. मोठमोठ्या वेधशाळा आलेल्या त्या मोसमात हे काम नोकरी गेलेल्या एका बाईनं दीड इंचाच्या भिंगानं वऱ्हाडातून केलं. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं १९१६ साली. तळणीला तिच्या नावाचा एक साधा फलक असायला हवा.

आता खरी अडचण. सूर्याच्या कडेजवळचा करोना बाहेरच्या टोकापेक्षा हजार पटीनं तेजस्वी असतो. कमी वेळ प्लेट उघडी ठेवली तर आतला भाग दिसतो, बाहेरचा येतच नाही. जास्त वेळ ठेवली तर बाहेरचा दिसतो आणि आत नुसता पांढरा गोळा. एका प्लेटमध्ये पूर्ण करोना कधीच मावत नाही. मग पुस्तकात छापायचं काय? यासाठी लंडनला डब्ल्यू. एच. वेस्ली नावाचा माणूस होता. हा मुळात कोरीवकाम करणारा कारागीर. दक्षिण भारतातून दिसलेल्या १८७१ च्या ग्रहणाच्या प्लेट्स त्याच्यासमोर आल्या तेव्हापासून तो हे काम करत आलेला. तो एकाच ग्रहणाच्या अनेक निगेटिव्ह समोर ठेवायचा, एकीतून आतले धागे घ्यायचा, दुसरीतून मधला भाग, तिसरीतून लांबचे किरण, आणि पेन्सिलीनं एक चित्र करायचा. ते चित्र कुठल्याही एका क्षणाचं, कुठल्याही एका कॅमेऱ्याचं नसायचं. तरी उघड्या डोळ्यांना ग्रहण जसं दिसतं त्याच्या सगळ्यांत जवळ तेच जायचं.

मी कलरच्या आधी ब्लॅक अँड व्हाइटच्या डार्करूममध्ये शिकले. एन्लार्जरखाली हाताची सावली धरून चेहऱ्याला उजेड कमी द्यायचा, पुठ्ठ्याला भोक पाडून आकाशाला जास्त द्यायचा. वेस्ली पेन्सिलीनं करत होता तेच. आज मुलं कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या पन्नास फ्रेम एकावर एक रचतात आणि करोनाचे धागे वर काढतात, तेही तेच. "हे तर सॉफ्टवेअरनं बनवलेलं आहे" असं कोणी नाक मुरडलं की मी वेस्लीचं नाव सांगते.

पण हात फिरतो तिथे हात चुकतोही, आणि हे दाखवलं तळणीच्याच वॉल्टर माँडरनं. त्या काळी मंगळावरच्या कालव्यांचं वेड होतं. चांगले चांगले निरीक्षक दुर्बिणीतून पाहून सरळ रेषांचं जाळं काढत होते. १९०३ साली माँडरनं ग्रिनिचच्या एका शाळेतल्या मुलांना वर्गात वेगवेगळ्या अंतरावर बसवलं, समोर मंगळासारखी चकती टांगली आणि दिसतं ते काढा म्हणून सांगितलं. चकतीवर कालवे नव्हतेच, होते ते वेडेवाकडे ठिपके आणि छटा. पुढच्या मुलांनी ठिपके काढले. फार मागच्यांना काही दिसलं नाही. मधल्या मुलांनी ठिपके जोडून सरळ रेषा काढल्या. मुलं खोटं बोलत नव्हती. दिसण्याच्या अगदी काठावर डोळा स्वतःच रेघ ओढतो. १९०९ ला अँतोनियादीनं पॅरिसजवळ म्युदाँच्या ३३ इंची दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा त्या रेषा विरघळून त्यांच्या जागी बारीक, ओबडधोबड तपशील दिसला. तोही ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्याच मंगळ विभागाचा प्रमुख. आज मुलं गुरूच्या फोटोला शार्पनिंगचा स्लायडर जरा जास्त ओढतात आणि कडेनं एक खोटी रेघ उमटते. ती बघून मला मधल्या बाकावरची मुलं आठवतात.

रंग यायला आणखी पन्नास वर्षं लागली. पालोमार वेधशाळेच्या विल्यम मिलरनं रंगीत फिल्मवर काढलेले देवयानी दीर्घिकेसारखे फोटो १९५९ ला छापून आले. त्याची अडचण मला माझ्याच कामातली वाटते. रंगीत फिल्मला तीन थर असतात. तासन्‌तास मंद उजेड दिला की फिल्म दमते, आणि तिन्ही थर सारखे दमत नाहीत. म्हणजे एक्स्पोजर वाढवलं की रंगच सरकतो. मिलरनं प्रयोगशाळेत किती सरकतो ते मोजलं आणि तेवढी फिल्टरनं दुरुस्ती केली. पुढे ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिननं रंगीत फिल्म सोडूनच दिली. तो मूळचा रसायनशास्त्रज्ञ. लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीन कृष्णधवल प्लेट्स घ्यायच्या आणि डार्करूममध्ये एकत्र करायच्या. मॅक्सवेलनं १८६१ ला दाखवलेली पद्धत. आजचा प्रत्येक कॅमेरा त्याच वाटेनं जातो.

या सगळ्यांनी काय केलं ते लिहून ठेवलं होतं. ताडून पाहायचं राहिलं किंवा लिहिलेलं सुटलं की काय होतं, याची दोन उदाहरणं मला विसरता येत नाहीत. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग मंगळावर उतरलं. पहिला रंगीत फोटो घाईत दाखवला, आकाश निळं, पृथ्वीसारखं. यानावर रंग जुळवायला रंगाच्या पट्ट्या होत्याच, म्हणजे माझ्या काउंटरवरचा शालू तिथे नेलेला होता. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर आकाश गुलाबीसर निघालं. ते जाहीर केलं तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी हुर्यो केली, असं कार्ल सेगननं लिहिलंय. लोकांना निळंच हवं होतं.

दुसरं नेपच्यूनचं. १९८९ ला व्हॉयेजर-२ नं पाठवलेल्या चित्रांत ढग नीट दिसावेत म्हणून रंग गडद केले. चित्राखाली तसं लिहिलंही होतं. पुढे चित्र पुस्तकांत गेलं, तक्त्यांवर गेलं, शाळांच्या भिंतींवर गेलं, आणि खालची ओळ गळाली. एक पिढी गडद निळा नेपच्यून पाठ करत मोठी झाली. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटानं हबल आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीची मोजमापं घेऊन दाखवलं की नेपच्यून आणि युरेनस दोघंही जवळजवळ सारखेच फिकट हिरवट निळे आहेत, नेपच्यून किंचित जास्त निळा एवढंच. पस्तीस वर्षांपूर्वी कुणी खोटं बोललं नव्हतं. चिठ्ठी तेवढी पडली होती.

आता आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटात रविवारी कोणाच्या तरी घरी लॅपटॉप उघडतात तेव्हा वाद होतो तो मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावरून. दुर्बिणीतून तो राखाडी-हिरवट दिसतो, कारण मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास निजलेल्या असतात आणि जी थोडी जाण उरते ती ऑक्सिजनच्या हिरव्या प्रकाशाला धरते. कॅमेऱ्यात तो गुलाबी येतो, हायड्रोजनच्या लाल आणि निळ्या रेषा मिसळून. ज्यांनी कॅमेऱ्यातला लाल अडवणारा फिल्टर काढून घेतलाय त्यांचा लालभडक येतो. माझा पुतण्या हबलच्या पद्धतीनं करतो: गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. १९९५ च्या 'निर्मितीचे स्तंभ' या चित्रापासून ही पद्धत जगभर गेली. खरा हायड्रोजन लाल असतो, म्हणून आमच्यातले एक काका याला सरळ फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही लालच. तसेच ठेवले तर कुठे काय आहे ते दिसणारच नाही. तरंगलांबीचा क्रम राखून रंग वाटून दिलेत आणि तसं सांगितलंय, तर तो नकाशा आहे. न सांगता पाठवलं तर मात्र काकांचं खरं.

आणि हौशी लोकांचा रंगाचा आग्रह किती मोलाचा ठरतो, तेही सांगते. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाला दिसलं की गुरूवरचा एक पांढरा लंबगोल तांबूस झालाय. आधी तीन पांढरे डाग होते, ते २००० पर्यंत एकमेकांत मिसळून हा एक झाला होता. त्याचा रंग बदललाय हे पहिल्यांदा कळलं ते घरच्या दुर्बिणीतून. जुने फोटो त्याच पद्धतीनं केलेले जवळ होते म्हणूनच तो रंग खरा मानता आला. दर वेळी वेगळा स्लायडर ओढला असता तर कुणी विश्वास ठेवला असता?

म्हणून आमच्या गटात मी एकच हट्ट धरते. फोटो पाठवा, हवे तसे रंग द्या, पण खाली लिहा: कुठून, कधी, कुठल्या भिंगातून, किती फ्रेम, कुठला फिल्टर, रंग कसे दिले. आणि मूळ फ्रेम्स जपून ठेवा. तुम्हीही ठेवा.

आमच्या मशीनची एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात येत नसे. प्रत्येक प्रिंटच्या मागच्या बाजूला ते फिकट करड्या अक्षरांत फ्रेमचा नंबर आणि केलेली रंगदुरुस्ती छापायचं. हेल-बॉपचं एक प्रिंट मुलांनी मला दिलं होतं. पुढचं आकाश आता थोडं तपकिरी पडलंय, निळी शेपटी फिकी झालीय. मागचे आकडे अजून वाचता येतात.